एटी दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर: एक्स्ट्रूडरच्या तापमान कंट्रोलरचं ऑटोट्यूनिंग

एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनच्या, पॅनेलवर ओम्रॉनचा ई५सीसी कंट्रोलर आहे. त्याचा मेन्यू उघडला आणि पी, आय, डी (तापमानातला आत्ताचा फरक, साठत गेलेला फरक आणि फरक बदलण्याचा वेग यांना कंट्रोलर किती दाद देतो हे ठरवणारे तीन आकडे) यांच्या जागी ८.०, २३३ आणि ४० हे आकडे दिसले, तर समजायचं की या झोनचं (तापवलेल्या बॅरलच्या या भागाचं) ट्यूनिंग आजवर कोणी केलेलं नाही. कंपनीतून येताना त्यात हेच आकडे असतात. इतर ब्रँडचे आकडे वेगळे, पण गोष्ट तीच. मशीन बसवणाऱ्याने वायरिंग केलं, सेट पॉइंट (हवं ते तापमान) टाकला, तापमान चढताना बघितलं आणि तो गेला. पुढची कित्येक वर्षं झोन तीन-चार अंश वरखाली होत राहतो आणि ऑपरेटर त्याला ‘या मशीनचा स्वभाव’ म्हणतो.

ऑटोट्यूनिंगने, म्हणजे शॉप फ्लोअरच्या भाषेत ‘एटी मारून’, हे बहुतेक वेळा तासाभरात सुटतं. मात्र एटी समोर आहे त्याच लूपचं (सेन्सर, कंट्रोलर, हीटर आणि झोन या साखळीचं) मोजमाप घेतं. सेन्सर ढिला असेल तर ढिल्या सेन्सरसाठी उत्तम आकडे देतं. म्हणून या लेखात बटण दाबायच्या आधीचं काम जास्त आहे. उदाहरण प्लास्टिक एक्स्ट्रूडरच्या बॅरलमधल्या एका झोनचं: बँड हीटर, थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पॅनेलवरचा ४८ बाय ४८ मिलिमीटरचा कंट्रोलर. ओव्हन, वॉटर बाथ किंवा पॅकिंग मशीनचा सीलिंग जॉ असेल तरी पद्धत हीच.

एटी आत नेमकं काय करतं

झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये ट्यूनिंगची जी रीत दिली, तिच्यात कंट्रोलरचा गेन (एका अंशाच्या फरकाला आउटपुट किती टक्के हलतं) वाढवत नेऊन लूपला एकसारखं हिंदकळायला लावायचं आणि त्या झोक्यावरून आकडे काढायचे असत. चालू प्लांटवर हे धोक्याचं काम, कारण झोका कुठे थांबेल हे आधी कळत नाही. १९८४ मध्ये ऑस्ट्रम आणि हॅग्लुंड या स्वीडिश संशोधकांनी सोपा मार्ग दाखवला. आउटपुट नुसतं चालू-बंद करायचं: तापमान सेटच्या खाली असेल तर हीटर पूर्ण चालू, वर गेलं की पूर्ण बंद. तापमानाची लाट आपोआप तयार होते आणि तिची उंची मर्यादेत राहते. आजच्या बहुतेक पॅनेल कंट्रोलरचं एटी म्हणजे हेच.

लाटेतून दोन गोष्टी मोजायच्या. एक, शिखरापासून तळापर्यंतचं अंतर. दोन, एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ. बाकी सगळा हिशेब.

समजा सेट १८० अंश आहे. एटीमध्ये तापमान १७६ ते १८६ असं फिरलं आणि एका फेरीला ६ मिनिटं, म्हणजे ३६० सेकंद लागले. आउटपुट ० ते १०० टक्के हलतं, त्याचं अर्धं ५०. लाटेची उंची १० अंश, तिचं अर्धं ५. अंतिम गेन (ज्या गेनला लूप एकसारखा हिंदकळतो तो) = ४ × ५० ÷ (३.१४ × ५) = १२.७ टक्के प्रति अंश. झीग्लर-निकोल्सच्या नियमाने पी याच्या ०.६ पट, म्हणजे ७.६ टक्के प्रति अंश. बँडच्या भाषेत, म्हणजे आउटपुट ० ते १०० हलायला किती अंश लागतात त्यात, १०० ÷ ७.६ = १३.१ अंश. आय लाटेच्या वेळेच्या निम्मा, १८० सेकंद. डी आठवा हिस्सा, ४५ सेकंद.

इतकी आकडेमोड रोज करायची गरज नाही. आउटपुट ०-१०० हलत असेल तर पी बँड साधारण लाटेच्या पूर्ण उंचीच्या १.३ पट येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी कंट्रोलरने दिलेला आकडा खरा वाटतो की नाही हे उभ्या उभ्या कळतं.

बटण दाबण्याआधी

सेन्सरपासून सुरुवात करा. बायोनेट थर्मोकपलचं टोक भोकाच्या तळाला टेकलेलं हवं. स्प्रिंग मरगळली की टोक दोन-तीन मिलिमीटर वर उचललं जातं, मध्ये हवेचा थर येतो आणि तापमान उशिरा कळतं. एटी तो उशीर प्रक्रियेचाच भाग समजतं आणि सुस्त आकडे देतं. मग कोणीतरी सेन्सर नीट दाबून बसवतो आणि ते आकडे बिनकामाचे होतात.

सेन्सरचा टाइप तपासा. जे टाइपचं थर्मोकपल लावलंय आणि कंट्रोलरमध्ये के निवडलंय, असं फार वेळा दिसतं. पॅनेलजवळ ३० अंश असताना बॅरल खरोखर १८० अंशांवर असेल, तर कंट्रोलर सुमारे २३० दाखवेल. म्हणजे स्क्रीनवर १८० धरून बसलेला झोन प्रत्यक्षात बराच थंड आणि दाणा अर्धाकच्चा. याच्या उलट, के सेन्सर आणि जे सेटिंग, हे जास्त घातक: स्क्रीनवर तापमान कमी दिसतं आणि बॅरल भाजून निघतं.

तारांची दिशाही बघा. अमेरिकन रंगसंकेतात थर्मोकपलची लाल तार ऋण असते. डीसी वायरिंगच्या सवयीने लाल म्हणजे धन समजून जोडली की हीटर तापतो तसं वाचन खाली उतरतं. अशा लूपवर एटी लावलं तर हीटर बंदच होणार नाही. म्हणून नव्या वायरिंगवर आधी मॅन्युअल मोडमध्ये दोन मिनिटं २० टक्के आउटपुट द्या आणि वाचन वर जातंय एवढं पाहा.

मग हीटर. टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजणारं मीटर) लावा. झोनवर १ किलोवॉटचे तीन बँड हीटर समांतर असतील तर २३० व्होल्टला १३ अँपिअर हवेत. ८.७ दिसले तर एक हीटर उघडा पडलाय, म्हणजे आतून तुटलाय. झोन तरीही सेटला पोचतो, फक्त वेळ जास्त लागतो, म्हणून हे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, उघडा पडत नाही. मॅन्युअलमध्ये आउटपुट ० करा. टाँग टेस्टरवर करंट शून्याला आला पाहिजे. आला नाही तर ट्यूनिंग बाजूला ठेवा आणि एसएसआर बदला. याच कारणासाठी कंट्रोलरपासून वेगळा, स्वतंत्र सेन्सरवर चालणारा ओव्हरटेंपरेचर कटऑफ हवा, जो मेन कॉन्टॅक्टर पाडेल. एटीमध्ये तापमान मुद्दाम सेटच्या वर जातं, त्यामुळे त्या दिवशी तरी हा कटऑफ चालू असल्याची खात्री करून घ्या.

आता सेटिंग. आउटपुटचा सायकल टाइम एसएसआरसाठी १ ते २ सेकंद, कॉन्टॅक्टर असेल तर १५ ते २० सेकंद. याहून कमी ठेवला तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट लवकर जळतात. इनपुट फिल्टर जो ठेवायचा तो आधीच ठेवा, कारण फिल्टरही उशीर वाढवतो आणि एटीनंतर तो बदलला तर मोजमाप चुकतं. हीटिंगसाठी ॲक्शन ‘रिव्हर्स’ हवी. नवख्या माणसाला हा शब्द उलटा वाटतो. अर्थ एवढाच की तापमान वाढलं की आउटपुट कमी व्हायला हवं.

जुने पी, आय, डी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एटी फसलं तर परत जायला जागा हवी.

होल्डिंग आउटपुट: बहुतेक जण न बघता पुढे जातात तो आकडा

झोन सेटवर स्थिरावल्यावर कंट्रोलर सरासरी किती टक्के आउटपुट देतोय ते पाहा. यावर एटीची लाट सरळ येणार की वाकडी, हे ठरतं.

होल्डिंग ४० ते ६० टक्के असेल तर उत्तम. लाट बरीचशी सारखी येते. पण हीटर गरजेपेक्षा मोठे असतील आणि होल्डिंग २० टक्केच असेल, तर सहा मिनिटांच्या फेरीत हीटर फक्त ७२ सेकंद चालू राहतो आणि २८८ सेकंद बंद. तापमान झर्रकन चढतं, रेंगाळत उतरतं. वरचं सूत्र दोन्ही बाजू सारख्या धरून बनलंय. अशा वाकड्या लाटेवर ते गेन जास्त दाखवतं आणि पी बँड गरजेपेक्षा अरुंद निघतो. होल्डिंग २० टक्के असेल तर खरा बँड अंदाजे १.७ पट रुंद हवा. ३० टक्क्यांना सुमारे सव्वापट. एटीनंतर झोन हंटिंग करत (सारखा वरखाली झुलत) असेल आणि होल्डिंग कमी असेल, तर आधी हाच संशय घ्या.

यावर उपाय आहे. एटीपुरती आउटपुटची वरची मर्यादा होल्डिंगच्या दुप्पट करा, म्हणजे २० टक्के होल्डिंगला ४०. लाट सरळ येते, ओव्हरशूटही कमी होतं. एटी संपल्यावर मर्यादा परत १०० करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन तापायला दुप्पट-तिप्पट वेळ घेईल आणि दोष ट्यूनिंगवर येईल. ई५सीसीमध्ये एटीचे दोन प्रकार आहेत: एटी-२ पूर्ण १०० टक्के झोक्याचं, एटी-१ फक्त ४० टक्के झोक्याचं. नाजूक मालासाठी एटी-१ बरं. वेळ जरा जास्त लागतो.

होल्डिंग ८५ टक्क्यांच्या वर असेल तर हीटर कमी पडतोय, किंवा बॅरलवरचं इन्सुलेशन निघालंय. ते पीआयडीच्या हातात नाही.

प्रत्यक्ष एटी

बॅरलमध्ये पीव्हीसी असेल तर स्क्रू बंद ठेवून एटी लावू नका. थांबलेला पीव्हीसी जास्त तापला की जळतो, हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो आणि बॅरल-स्क्रूला गंज लावतो. आधी एलडी पॉलिथीनने पर्ज करून, म्हणजे पीव्हीसी पूर्ण बाहेर ढकलून, घ्या.

सगळे झोन आपापल्या सेटवर आणा आणि निदान अर्धा तास, मोठ्या मशीनला तासभर, तसंच राहू द्या. पृष्ठभाग तापला म्हणजे बॅरलचं पोलाद आतपर्यंत तापलं असं होत नाही. मग एका वेळी एकाच झोनचं एटी, बाकीचे ऑटोवर. सगळ्यांचं एकदम सुरू केलं तर झोन दोनची लाट झोन तीनमध्ये शिरते आणि दोघांचंही मोजमाप बिघडतं. एकेक केल्याने वेळ लागतो, पण पाच झोनचं मशीन एका शिफ्टमध्ये होतं.

सेट पॉइंट रोजच्या कामाचाच ठेवा. १२० अंशांवर काढलेले आकडे २२० ला तितकेसे लागू पडत नाहीत, कारण तापमान वाढलं की हवेत जाणारी उष्णताही वाढते. दोन वेगवेगळ्या मालांसाठी सेट फार लांब असतील, तर जो जास्त चालतो त्याच्यावर ट्यून करा. सेटच्या वर जाणं चालणारच नसेल तर काही कंट्रोलरमध्ये ‘एटी बायस’ असतो; त्यात उणे १० टाकलं की लाट सेटच्या दहा अंश खाली तयार होते.

एटी सुरू केलं की दिवा लुकलुकतो. आता हात मागे. सेट बदलायचा नाही, स्क्रू चालू-बंद करायचा नाही, पंख्याचं तोंड बॅरलकडे वळवायचं नाही. कागदावर शिखर, तळ आणि त्यांच्या वेळा लिहीत राहा. बरेच कंट्रोलर दोन-तीन फेऱ्यांत काम उरकतात, म्हणजे सहा मिनिटांच्या लाटेला वीसेक मिनिटं. दिवा थांबला की नवे आकडे आपोआप भरले जातात.

पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकावर) काम करत असाल तर थोडा फरक आहे. सीमेन्सच्या एस७-१२०० मधल्या पीआयडी कॉम्पॅक्ट ब्लॉकमध्ये दोन टप्पे असतात. प्रीट्यूनिंग थंड अवस्थेतून एकच मोठी उडी मारून मोजतं. त्यासाठी सेट आणि चालू तापमान यांतला फरक इनपुटच्या वरच्या-खालच्या मर्यादांमधल्या अंतराच्या ३० टक्क्यांहून आणि सेटच्या ५० टक्क्यांहून जास्त हवा. फाइन ट्यूनिंग सेटजवळ लाट तयार करतं. नवखे लोक गरम बॅरलवर प्रीट्यूनिंग दाबतात, एरर येते आणि ‘ब्लॉक चालत नाही’ असं ठरवून टाकतात. शिवाय हा ब्लॉक मेन ओबीमध्ये (सतत फिरणाऱ्या मुख्य प्रोग्रॅममध्ये) नको, ठरावीक वेळेने चालणाऱ्या सायक्लिक इंटरप्टमध्ये हवा.

आकडे आले, आता वाचा

आय आणि डी यांचं गुणोत्तर साधारण ४ असतं का ते पाहा. वरच्या उदाहरणात १८० आणि ४५. आय मेन्यूतल्या कमाल आकड्याला जाऊन टेकला असेल किंवा पी बँड अर्धा अंश आला असेल, तर एटी फसलंय. बँड लाटेच्या उंचीशी ताडून पाहा.

एककांत फार लोक अडखळतात. तोच पी एका कंट्रोलरमध्ये १३.१ अंश असतो, दुसऱ्यात स्पॅनचे (मोजमापाच्या पूर्ण पट्ट्याचे) टक्के: ०-४०० च्या स्पॅनला ३.३ टक्के. तिसऱ्यात तो गेन म्हणून ३० असा येतो. आय कुठे १८० सेकंद, कुठे ३ मिनिटं, तर कुठे ‘रिपीट्स प्रति मिनिट’मध्ये ०.३३. शेवटच्या प्रकारात आकडा वाढवला की इंटिग्रल जोरात होतो, म्हणजे नेमका उलटा परिणाम. एका ब्रँडचा कंट्रोलर काढून दुसरा बसवताना जुने आकडे तसेच टाइप करण्याआधी मॅन्युअलमधलं हे पान वाचाच.

आता चाचणी. सेट १८० वरून १९० करा. तापमान दोन-तीन अंशांपर्यंत पुढे जाऊन परत बसलं तर ठीक. मग दुसरी चाचणी, जी एक्स्ट्रूडरला जास्त महत्त्वाची: रोजच्या आरपीएमला स्क्रू चालू करा. थंड दाणा आत आल्याने फीडजवळच्या झोनचं तापमान पडेल. ते किती पडतं आणि किती वेळात परत येतं, हे बघितल्याशिवाय ट्यूनिंग पूर्ण झालं असं म्हणू नका.

झीग्लर-निकोल्सचे आकडे मुळातच चलाख असतात. एकामागची लाट चौथाई होत जावी, या अपेक्षेवर ते बेतलेले आहेत. तापमानाच्या लूपला एवढी घाई लागत नाही. झोन झुलत असेल तर टायरस-लायबन नियम वापरून पाहा: गेन अंतिम गेनच्या २.२ व्या हिश्श्याइतका, आय लाटेच्या वेळेच्या २.२ पट, डी लाटेच्या वेळेचा ६.३ वा हिस्सा. आपल्या उदाहरणात बँड १७.३ अंश, आय ७९२ सेकंद, डी ५७ सेकंद. झोन शांत होतो, मात्र धक्क्यातून सावरायला वेळ घेतो. एक्स्ट्रूडरसाठी सहसा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागतं. बँड सव्वापट आणि आय दुप्पट करून पाहणं ही चांगली पहिली पायरी.

बिघडतं कुठे

थंड सुरुवातीला मोठा ओव्हरशूट, पण नंतर झोन स्थिर: आकड्यांना हात लावू नका. तापताना इंटिग्रल फुगून बसतो, त्याचा हा परिणाम. सेट पॉइंट रॅम्प लावा, मिनिटाला ३ ते ५ अंश, किंवा अँटी-रीसेट वाइंडअप असेल तर ते चालू करा.

आउटपुट ० असूनही झोन सेटच्या वर: स्क्रूच्या घर्षणानेच माल तापतोय. मधल्या झोनमध्ये जास्त आरपीएमला हे हमखास होतं. कितीही एटी मारा, नुसता हीटर थंड करू शकत नाही. ब्लोअर आणि हीट-कूल आउटपुटचा कंट्रोलर लागतो.

आउटपुट सतत फडफडतंय: सेन्सरच्या तारेत नॉइज आणि त्यावर मोठा डी. थर्मोकपलची केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये असेल तर ती वेगळी करा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. मगच डी कमी करायचा विचार.

काल नीट होतं, आज झुलतंय: व्होल्टेज मोजा. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २१० वरून २४० ला गेलात की हीटर तब्बल ३१ टक्के जास्त जोर लावतो. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आजूबाजूचे कारखाने बंद असताना, व्होल्टेज चढलेलं असेल आणि तेव्हाच ट्यूनिंग केलं असेल, तर भर कामाच्या दिवशी लूप वेगळा वागणार. चालू दिवसाच्या व्होल्टेजवर एटी करा.

एटी संपतच नाही: सेन्सर उलटा, हीटर कमी, किंवा आउटपुट मर्यादा इतकी खाली की तापमान सेट ओलांडतच नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये वेळेची मर्यादा असते. ती उलटली की एरर येते आणि जुने आकडे कायम राहतात.

आणखी एक. तापमानावर जमलं म्हणून फ्लोच्या लूपवर हेच डोळे झाकून करू नका. कंट्रोल व्हॉल्व्ह अडखळत असेल तर त्याची स्वतःचीच लाट असते आणि एटी तिलाच मोजतं. फ्लोला पीआय पुरतो, डी शून्य. पीएचच्या लूपला तर एका बिंदूवर काढलेले आकडे थोड्याच अंतरावर निरुपयोगी ठरतात, कारण टायट्रेशनचा वक्र मध्ये उभा आणि कडेला आडवा असतो.

एटी रोज मारायची गोष्ट नाही, आणि मालाच्या मध्येच झोन झुलवणारं सतत चालू सेल्फ-ट्यूनिंग एक्स्ट्रूडरवर बंद ठेवलेलंच बरं. हीटर, सेन्सर, डाय किंवा इन्सुलेशन बदललं की त्या झोनचं पुन्हा करा. आणि प्रत्येक वेळी पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: तारीख, झोन, सेट, व्होल्टेज, हीटरचा करंट, होल्डिंग आउटपुट, लाटेची उंची आणि वेळ, शेवटी ठेवलेले पी, आय, डी. सहा महिन्यांनी झोन झुलायला लागला तर आधी करंट आणि होल्डिंग या कागदाशी ताडून पाहा. करंट १३ चा ८.७ झाला असेल तर एटी लावायची गरजच पडणार नाही, हीटर मागवा.